गावी मयत झाली तर देहदान खरंच होतं का? (राजापूर तालुका)

खाडीपलीकडचा | १२ जून, रात्री १०:४८

नमस्कार मंडळी. आजवर नुसता वाचत आलोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

आमचे बाबा ८१ वर्षांचे. जैतापूरच्या खाडीच्या आजूबाजूला जिल्हा परिषदेच्या पाच-सहा शाळांत त्यांची मास्तरकी झाली. माणूस राष्ट्र सेवा दलातला, त्यामुळे समाजवादी नेते मधु दंडवते हे नाव आमच्याकडे घरातल्या माणसासारखं घेतलं जायचं. दंडवते १९७१ पासून पाच वेळा राजापुरातून लोकसभेवर गेले. सरकारी नोकरीत असताना बाबांनी त्यांचा प्रचार केला का, हे कृपया विचारू नका. २००५ च्या नोव्हेंबरात दंडवते गेले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे देह जे. जे. रुग्णालयाला दिला गेला. बाबांनी ती बातमी कापून ठेवली, आणि पुढच्या वर्षी माझ्याकडे डोंबिवलीला आले तेव्हा मुंबईतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन देहदानाचा फॉर्म भरून आले. आम्हाला सांगितलं ते घरी आल्यावर, चहा पिता पिता.

मिळालेलं कार्ड एलआयसीच्या पावत्यांच्या पाकिटात पडून होतं. गेल्या महिन्यात बाबा आठ दिवस दवाखान्यात होते. घरी आल्या आल्या पहिला प्रश्न, "माझं कार्ड लक्षात आहे ना?" खरं सांगतो, कुणाच्याच लक्षात नव्हतं. कार्डावरच्या नंबरावर फोन लावला तर तो लँडलाइन नंबर आता अस्तित्वातच नाही.

बाबा-आई गावी असतात. मी डोंबिवलीला, धाकटा भाऊ मस्कतला. उद्या गावीच काही झालं तर मुंबईपर्यंत न्यायचं? किती तासांत? कोण नेणार? आमच्याकडे शववाहिका कुणी बघितलेली नाही. काका म्हणतात, "अग्नी नाही, अस्थी नाहीत, मग दहाव्याला कावळा शिवणार कशाला?" आईचं म्हणणं वेगळंच आहे. ती म्हणते, "त्यांचं त्यांनी ठरवलं. मला कुणी विचारलं?"

यावर माझ्याकडे उत्तर नाही. ज्यांनी गावाकडून असं काही केलंय त्यांनी कृपया लिहा.

निवांत_मालवणी | १२ जून, रात्री ११:३१

गुरुजींक नमस्कार सांगा. आता आमच्या वाडीतला सांगतंय. माणूस मेलो काय पयलो प्रश्न 'कसो मेलो' असो नसता, 'झील (मुलगो) खय पोचलो?' असो असता. झील पनवेलाक, झील वडखळाक, झील कशेडीत. म्हातारो थय पडवेर बर्फात, आणि झील येयपर्यंत वाडीत कोणाची चूल पेटणा नाय. तेव्हा तुमचो प्रश्न कॉलेजाचो नाय. तुम्ही डोंबिवलीसून येयपर्यंत म्हातारो थांबतलो काय, ह्यो आसा.

घाटमाथा | १३ जून, सकाळी ७:०२

वाचनखूण साठवली.

मुचकुंदी | १३ जून, दुपारी २:१५

मी कोकणातल्याच एका वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवते. नाव-गाव सांगत नाही, काम सांगते.

आधी एक गोंधळ दूर करू, कारण अर्ध्या घरांत निर्णय तिथेच फसतो. देहदान, अवयवदान आणि नेत्रदान या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मूत्रपिंड, यकृत, हृदय हे अवयव घरी गेलेल्या माणसाचे देता येत नाहीत. त्यासाठी माणूस अतिदक्षता विभागात, व्हेंटिलेटरवर आणि मेंदूमृत असावा लागतो; म्हणजे मेंदू कायमचा थांबलाय, पण हृदय यंत्राच्या आधाराने चालू आहे. हृदय थांबलं की रक्त पोचत नाही आणि ते अवयव काही मिनिटांत निकामी व्हायला लागतात. त्यामुळे गावी पडवीत शांतपणे गेलेल्या ८१ वर्षांच्या गुरुजींच्या बाबतीत मुख्यतः दोनच गोष्टी शक्य आहेत, नेत्रदान आणि देहदान. दोन्ही एकाच वेळी करता येतात. डोळे आधी काढले तरी आम्ही देह घेतो. मोठे अवयव काढलेला देह मात्र सहसा घेतला जात नाही, कारण आमचं रसायन रक्तवाहिन्यांतून सगळीकडे फिरवावं लागतं आणि त्या वाहिन्याच कापलेल्या असतात.

आता तुमच्या कार्डाविषयी. ते मुंबईच्या महाविद्यालयाचं आहे म्हणून देह मुंबईलाच न्यायला हवा, असं नाही. जवळच्या महाविद्यालयाला विचारा, बहुतेक ठिकाणी नातेवाइकांच्या संमतीवर देह स्वीकारतात. गुरुजींनी फॉर्म भरला तेव्हा रत्नागिरी-सिंधुदुर्गात वैद्यकीय महाविद्यालयच नव्हतं. मुंबई, कोल्हापूर, मिरज नाहीतर गोव्यात बांबोळी, असे लांबचेच पर्याय. आज चिपळूणजवळ सावर्ड्याला आहे, रत्नागिरीला शासकीय आहे, सिंधुदुर्गात ओरोसला शासकीय आहे, तिथेच पडव्यालाही आहे. उत्तरेकडच्यांना अलिबाग. तुमच्या गावाहून रत्नागिरी दोन-सव्वादोन तास धरा.

आणि कार्ड म्हणजे फक्त इच्छा. ती माणसाने लिहून ठेवली तरी मृत्यूनंतर देह ताब्यात असतो घरच्यांच्या. ते नाही म्हणाले तर कुठलंच महाविद्यालय वाद घालत देह उचलून नेत नाही. म्हणून तुमच्या आईंचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. त्या दिवशी सही बहुधा त्यांचीच लागणार.

वेळेचं काय, तर जितक्या लवकर तितकं चांगलं. कोकणातल्या दमट हवेत मे-जूनमध्ये सहा-आठ तासांतच देह खराब व्हायला लागतो. शवागारात किंवा बर्फात ठेवला तर थोडी सवलत मिळते. आमच्याकडे देह आला की मांडीतल्या किंवा मानेतल्या रोहिणीतून (धमनीतून) फॉर्मॅलिन, ग्लिसरीन वगैरेंचं मिश्रण काही लिटर आत सोडतात. ते सगळीकडे पोचलं तर देह वर्षानुवर्षं टिकतो. उशीर झाला की रक्त गोठलेलं असतं, मिश्रण पुढे सरकत नाही, आणि मग त्या देहाचा उपयोग होत नाही.

कागद: डॉक्टरांचं मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र (घरी मृत्यू झाला तर नमुना ४अ), मयताचं आणि सही करणाऱ्याचं अशी दोघांची ओळखपत्रं, संमतीपत्र. प्रमाणपत्र कोण देणार हे आजच ठरवून ठेवा. आयत्या वेळी रात्री दोन वाजता प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर सापडला नाही तर सगळं तिथेच अडतं.

सुरंगी | १३ जून, दुपारी ३:४०

मुचकुंदीताई, देह कधी नाकारतात?

मुचकुंदी | १३ जून, संध्याकाळी ६:०५

शवविच्छेदन झालेलं असेल किंवा करावं लागणार असेल (अपघात, आत्महत्या, संशयास्पद मृत्यू) तर नाही. एचआयव्ही, कावीळ ब किंवा क (हिपॅटायटिस बी, सी), क्षयासारखा चालू संसर्ग असेल तर नाही. देह कुजू लागला असेल, अंगावर मोठ्या जखमा असतील तर नाही. मधुमेह, रक्तदाब, म्हातारपण यांनी काही बिघडत नाही. उलट मुलांना एखाद्या गुडघ्यात बसवलेली कृत्रिम वाटी सापडली की त्या टेबलाभोवती जत्रा भरते.

तिरफळ | १४ जून, रात्री १२:२०

लिहू की नको असा विचार करत होते. लिहितेच.

माझे सासरे गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावी गेले. तेही फॉर्म भरलेले, मुंबईचाच. ऑगस्ट महिना, पाऊस. पहाटे चारला गेले. मी साडेचारला फोन केला, पलीकडच्या माणसाने "लवकरात लवकर घेऊन या" एवढंच सांगितलं. लवकर म्हणजे किती, हे मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

मोठे दीर सुरतेहून निघाले होते. सासूबाई म्हणाल्या, थोरला आल्याशिवाय उचलायचं नाही. त्यांना कोण काय बोलणार? दीर दुपारी तीनला पोचले. गाडी ठरवली होती ती आधी एका पेशंटला घेऊन चिपळूणला गेलेली. (१०८ ची रुग्णवाहिका रुग्णांसाठी असते, मयतासाठी मिळत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.) निघायला साडेपाच झाले. माणगावात दोन तास वाहतूक कोंडी. मी मागे बसले होते, सासऱ्यांच्या पायांशी. बर्फ वितळून पाणी माझ्या चपलांपर्यंत आलेलं.

मुंबईत पोचलो तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. तिथल्या डॉक्टरांनी पाहिलं आणि नाही म्हणाले. त्यांची चूक नव्हती, वर ताईंनी लिहिलंय तेच कारण. पण पहाटे फोनवरच्या माणसाने "दहा तासांच्या वर गेलात तर आणू नका" एवढं एक वाक्य बोलायला हवं होतं की नाही? विद्युतदाहिनीत दिलं, आम्ही चौघंजणं हजर. गावचे लोक, ज्यांच्या पोरांना सासऱ्यांनी पोहायला शिकवलं ते सगळे, तिकडे वाट बघत बसलेले.

गावात अजून बोलतात, म्हाताऱ्याला ना गाव मिळालं ना कॉलेज.

म्हणून खाडीपलीकडचा, तुम्हाला एकच सांगते. वाट कोणाची बघायची आणि कोणाची नाही, हे बाबांच्या तोंडून, सगळ्यांसमोर, आत्ताच वदवून घ्या.

खाडीपलीकडचा | १४ जून, सकाळी ६:५५

तिरफळताई, काय बोलू. सकाळी लोकलमध्ये वाचलं.

संकासूर | १४ जून, सकाळी ११:१०

सगळे भारावलेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. मेंदूमृत म्हणजे काय हे डॉक्टरच ठरवणार, अवयव डॉक्टरच काढणार, आणि मिळणार कोणाला तर ज्याच्याकडे पैसा त्याला. आणि देहदान? ज्या कॉलेजात पोरांचे आईबाप लाखांनी फी भरतात, तिथे गरिबाने देह फुकट द्यायचा, वर गाडीभाडंही आपल्याच खिशातून. याला दान म्हणायचं की आणखी काही?

काजूबोंड | १४ जून, दुपारी १:३०

संकासूर, तुझ्या नावाचं सोंग शिमग्यात नाचतं, तो शिमगा झाला की रे कधीच. :)

पण तुझ्या पहिल्या मुद्द्याचं सांगतो, कारण ते घरात झालंय. माझा मावसभाऊ, वय २७, हातखंब्याजवळ दुचाकीवरून पडला. हेल्मेट होतं, पण हँडलला अडकवलेलं. तिथून कोल्हापूरला नेलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मेंदूमृत असं सांगितलं, तेव्हा मीही तुझ्यासारखाच भांडलो. छाती तर हलत होती! मग कळलं की १९९४ चा कायदा आहे आणि त्यात चार डॉक्टरांची सही लागते. प्रत्यारोपण करणारे डॉक्टर त्यात चालत नाहीत. तपासण्या दोनदा, मध्ये किमान सहा तासांचं अंतर. दुसऱ्या वेळी त्यांनी मला बाहेर काचेतून बघू दिलं. व्हेंटिलेटर थोडा वेळ काढून श्वास आपणहून येतो का ते पाहतात. नाही आला.

त्यानंतर समुपदेशक बाईंनी विचारलं. दबाव अजिबात नव्हता, उलट "उद्या सांगितलंत तरी चालेल" म्हणाल्या. मावशीने एकच अट घातली, उद्या दिवस मावळायच्या आत पोरगं घरी पाहिजे. अपघात असल्याने पोलीस, पंचनामा, शवविच्छेदन हे सगळं होतंच, पण ते अवयव काढण्याच्या बरोबरीने उरकलं. संमती दिल्यानंतरच्या उपचारांचं बिल आमच्यावर लावलं नाही. अवयव सरकारी प्रतीक्षायादीप्रमाणे गेले. कोणाला, ते आम्हाला सांगितलं नाही आणि त्यांनाही आमचं नाव सांगत नाहीत. संध्याकाळी पाचला गाडी गावात आली. अंगावर टाके, ते कपड्याखाली. तोंड जसंच्या तसं.

पुढे कुठल्याशा कार्यक्रमात मावशीला सत्काराला बोलावलं. शाल, श्रीफळ. घरी येऊन म्हणाली, नारळ आपल्याकडे काय कमी आहेत?

मुचकुंदी | १४ जून, रात्री ९:४८

संकासूर यांच्या दुसऱ्या मुद्द्याला माझ्याकडे छानसं उत्तर नाही, आणि देणारही नाही. गाडीभाडं घरच्यांवर पडतं हे खरं आहे. काही महाविद्यालयं वाहन पाठवतात, बरीच पाठवत नाहीत.

पण थोडा इतिहास. मुंबईचा शरीररचनाशास्त्र कायदा १९४९ चा. त्यात मुळात तरतूद होती ती बेवारस मृतदेह वैद्यकीय शिक्षणासाठी देण्याची. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टर शिकले ते फुटपाथवर, स्टेशनवर मेलेल्यांच्या देहावर. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. मी स्वतः ज्या देहावर शिकले त्या बाईंच्या हातावर गोंदण होतं, आणि नाव मात्र नव्हतं, टेबल क्रमांक चार. आज माझ्या विद्यार्थ्यांसमोर जे देह आहेत त्यातले बरेचसे स्वतःच्या सहीने आलेत. त्यात पोस्टमन आहे, एसटीतले निवृत्त वाहतूक नियंत्रक आहेत, एक गृहिणी आहेत. फीचा प्रश्न सुटत नाही, पण गरिबाचाच देह टेबलावर, ही गोष्ट मात्र थोडी बदलतेय. मला तेवढ्यानेही बरं वाटतं.

संकासूर | १४ जून, रात्री १०:२०

गोंदणाचं वाचून गप्प बसलो. फीवर मात्र ठाम आहे.

गलबतवाला | १५ जून, पहाटे ५:१२

कावळ्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

आम्ही गाबीत, म्हणजे मासेमारी करणारे, देवगडकडचे. आमच्या घराण्यात दोन माणसं दर्यात गेलेली, त्यांची हाडंसुद्धा किनाऱ्याला लागली नाहीत. दोघांचंही कार्य झालं. दर्भाचा माणूस करून त्याला अग्नी दिला, मग दहावं, बारावं, सगळं रीतसर. किनाऱ्यावरच्या प्रत्येक वाडीत असं एक तरी घर असेल. तेव्हा देह नसला की कार्य होत नाही, हे काकांनी आम्हाला सांगू नये. आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या होत आलंय.

आणि बर्फाचं काय अवघड आहे? जवळच्या जेटीवर सांगून ठेवा. मासे ठेवायचा बर्फ लाद्यांनी मिळतो, रात्रीसुद्धा. लादी फोडून गोणपाटात घालून दोन्ही अंगांना लावायची. पोटाला लावायला विसरू नका, खराब व्हायला तिथूनच सुरुवात होते. आम्ही मासळीचं बोलतो, माफ करा, पण देहाचंही तेच.

पळसपान | १५ जून, सकाळी ९:३०

गलबतवाला यांना अनुमोदन. आमचे वडील भिक्षुकी करायचे. देह मिळाला नाही तर दर्भाची किंवा पळसाच्या पानांची प्रतिकृती करून दहन करायचं, हा विधी शास्त्रात आहेच, पालाशविधी म्हणतात त्याला. देहदान केलेल्यांच्या घरी वडिलांनी दोनदा तो केला. काही घरं तेही करत नाहीत, दहाव्याला नुसता भात ठेवतात. मला विचाराल तर ज्या दधीचींनी वज्रासाठी हाडं दिली त्यांच्या दहाव्याची चौकशी कुठल्याच पुराणात आलेली नाही.

निवांत_मालवणी | १५ जून, सकाळी ९:५२

कावळ्याक जात, धर्म, कॉलेज काय्येक कळणा नाय. भात गरम असलो तर शिवणा नाय, इतक्याच.

सुरंगी | १५ जून, दुपारी १२:४४

थोडं नेत्रदानाचं, कारण ते कुणालाही जमण्यासारखं आहे आणि वर ओझरतंच आलंय. माझ्या आईचं केलं, मालवणजवळ. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत व्हावं लागतं. तोवर पंखा बंद करायचा, पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवायचा, डोकं उशीवर थोडं उंच. नेत्रपेढीचा माणूस घरी आला, वीसेक मिनिटांत काम झालं. बुब्बुळावरचा पारदर्शक पडदा काढून नेतात. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, जाड भिंगाचा चष्मा होता, तरी चाललं. चेहऱ्यात काही फरक दिसला नाही. आत्या तर अखेरपर्यंत म्हणत होती की त्यांनी काही नेलंच नाही, नुसती सही घेऊन गेले.

आणि यात कुणाला थांबवून धरावं लागत नाही. डोळे गेले तरी आई घरीच होती. मुंबईचे सगळे आले, बघितलं, रात्री अग्नी दिला. देहदानाला जे जमत नाही ते इथे जमतं.

२५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर नेत्रदान पंधरवडा असतो. बहुतेक वेळा गणपती त्याच्या आसपास येतात आणि सगळा चाकरमानी गावीच असतो. आरत्या झाल्यावर दहा मिनिटं विषय काढायला हरकत नाही. आम्ही काढला, तिघांनी फॉर्म भरले, एक मामा उठून गेला.

घाटमाथा | १५ जून, दुपारी १:१५

स्मशानाचा दाखला नसेल तर ग्रामपंचायत मृत्यूची नोंद करते का? आमच्याकडे ग्रामसेवकाने चार हेलपाटे मारायला लावले होते.

मुचकुंदी | १५ जून, रात्री ८:३०

करावीच लागते. देह स्वीकारल्याचं पत्र महाविद्यालय देतं, ते आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडायचं. नोंद २१ दिवसांच्या आत. मृत्यूच्या दाखल्याच्या चार प्रती काढून ठेवा. पेन्शन, बँक, सातबारा, सगळीकडे लागतात.

अस्थींचं कोणी विचारलं नाही, पण विचारतीलच. अभ्यास संपल्यावर अवशेषांची विल्हेवाट महाविद्यालय लावतं, आणि त्याला वर्ष-दोन वर्षंही लागतात. घरच्यांना सहसा काही परत मिळत नाही. याची तयारी आधीच ठेवा. दोन महिन्यांनी "एकदा बघू द्या" म्हणून आलेली मुलगी मी पाहिलीय. तिला नाही म्हणणं हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात वाईट काम होतं.

खाडीपलीकडचा | ९ जुलै, रात्री ११:०५

मंडळी, उशीर झाला. गावी जाऊन आलो. सगळं सांगतो.

तुतारीने गेलो, सकाळी राजापूर रोडला उतरलो तेव्हा पाऊस नुसता कोसळत होता. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या वाडीत एक मयत झाली. स्मशानात शेड नाही, वर ताडपत्री धरून चौघे उभे, लाकडं ओली. डिझेल, टायर, काय काय घातलं तरी चार तास लागले. काका तिथून येऊन काळ्या हातांनी पडवीत बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मी मुद्दाम विषय काढला नाही. त्यांनीच काढला, "कॉलेज किती लांब म्हणालास?"

बाबांना हा धागा वाचून दाखवला, सगळा. तिरफळताईंचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला. मग त्यांनी वहीचा कागद घेतला आणि मास्तरी अक्षरात लिहिलं. कोणाचीही वाट बघू नये. मुंबईहून येणाऱ्याने परस्पर महाविद्यालयात यावं. मस्कतवाल्याने फोनवर बघावं, विमान बदलू नये. खाली सही, तारीख, आणि सवयीने लाल शाईने अधोरेखा.

तो कागद आईने वाचला. म्हणाली, "यात माझं कुठाय?" बाबा म्हणाले, तू सांग, मी लिहितो. साठ वर्षांच्या संसारात बाबांनी शुद्धलेखन घातलं ते इतरांना, आईच्या सांगण्यावरून स्वतः लिहिताना मी त्यांना पहिल्यांदा बघितलं. तिने सांगितलं, आंघोळ घरच्या खळ्यात (अंगणात) होईल. तोंडात तुळशीपत्र मी घालीन. वाडीतल्या सगळ्यांना नमस्कार करायला एक तास द्यायचा, सव्वा तास नाही. मग न्या. बाबांनी "सव्वा तास नाही" हेही लिहिलं.

आईला देहदानाचं विचारलं, नाही म्हणाली. "डोळे घ्या, बाकी मी अग्नीलाच जाणार. पाऊस असला तर काका आहेत." काकांनी मान डोलावली. दहाव्याचा भात आपण ठेवणार, असं त्यांनी जाहीर केलंय. शिवला तर शिवला.

जवळच्या महाविद्यालयात नवा फॉर्म दिला, साक्षीदार म्हणून मी आणि काका. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर बाईंना भेटलो. त्यांनी मोबाइल नंबर दिला आणि रात्री उचलेन म्हणाल्या. गाडीसाठी बाजारपेठेतल्या एका टेम्पोवाल्याशी बोललोय, बर्फासाठी जेटीवर (गलबतवाला, आभार, गोणपाटासकट). सगळे नंबर मोठ्या अक्षरात लिहून दाराच्या मागे चिकटवलेत, लाइट बिलाच्या वर. पहिल्यांदा बघणारा दचकतो.

मुचकुंदीताई, बाबांचा तुमच्यासाठी एक प्रश्न आहे. मी म्हटलं, असं काय विचारायचं, पण ते ऐकेनात. विचारतात की तिथे मुलं शिकताना उभी असतात की बसायला काही असतं? तासन्‌तास उभं राहून मुलांचं लक्ष लागत नाही, असा त्यांचा अनुभव आहे.

मुचकुंदी | १० जुलै, सकाळी ८:२०

गुरुजींना सांगा, स्टुलं आहेत. पण पहिल्या दिवशी मुलं देहासमोर उभी राहून शपथ घेतात, आणि त्या दिवशी नंतरही कुणी बसत नाही. दुसऱ्या आठवड्यापासून मात्र स्टुलांवरून भांडणं सुरू होतात.

खाडीपलीकडचा | १० जुलै, रात्री ९:४०

वाचून दाखवलं. हसले. म्हणाले, मग वर्ग चांगला आहे.